चिखलांतील चाकें

डोंगरांतील रानवाटांवर सायकल हांकणें हा आजच्या तरुण मंडळींचा आवडता खेळ आहे. परंतु हा खेळ रूढ होण्याच्या कितीतरी आधीं कांहीं शिपायांनीं तो चाकरी म्हणून केला होता.

अमेरिकेंतील माँटाना संस्थानांत मिसूला येथें पंचविसाव्या पायदळ पलटणीची छावणी होती. शिपाई सारे कृष्णवर्णीय, अंमलदार मात्र गोरे. घोड्यास दाणावैरण लागते, पायगाडीस ती लागत नाहीं. मग पायदळास ती कां देऊं नये, असा विचार लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या मनांत आला. १८९६ च्या ऑगस्टांत आठ शिपायांसह तो मॅकडोनल्ड सरोवराकडे जाऊन आला. वर पाऊस, खालीं निसरडी वाट, मध्यें आडवीं पडलेलीं झाडें! कैक ठिकाणीं गाडीनें माणसास वाहावयाचें, तेथें माणसांनींच गाड्या वाहिल्या.

खरी कसोटी पुढील वर्षीं लागली. १४ जून १८९७ रोजीं वीस शिपाई सेंट लुईसकडे निघाले. अंतर सुमारें १९०० मैल; बरोबर बंदुका, काडतुसें, तंबू व शिधा. वाटेंत चिकणमातीचा चिखल असा कीं, चाकें फिरेनाशीं होत. मग रेल्वेच्या स्लीपरांवरून धक्के खात जावें लागे. नेब्रास्कांत वाळूनें व खारट पाण्यानें त्यांस गांजलें. तरी एकेचाळिसाव्या दिवशीं, २४ जुलै रोजीं, ते मुक्कामीं पोंचले. शहरानें त्यांचें कौतुक केलें. परंतु १८९८ सालीं क्यूबाची लढाई सुरू झाली आणि सायकलींची योजना मागें पडली.

त्या वीस जणांत सार्जंट मिंगो सँडर्स होता. १९०६ सालीं टेक्सासांतील ब्राउन्सव्हिल गांवीं रात्रीं गोळीबार होऊन एक मनुष्य ठार झाला. आळ या पलटणीवर आला. कोणावरही खटला न चालवितां, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हुकुमानें १६७ शिपाई बडतर्फ झाले. त्यांत सँडर्सही होता. पंचवीस वर्षांहून अधिक केलेली नोकरी व हाताशीं आलेलें निवृत्तिवेतन, दोन्हीं बुडालीं. १९२९ सालीं तो वारला. लष्करानें ती शिक्षा रद्द केली १९७२ सालीं. तोंपर्यंत त्या शिपायांपैकीं बहुतेक सारे काळाच्या पडद्याआड गेले होते.

रानवाटेचा चिखल मुक्कामीं पोंचल्यावर धुतां येतो. सँडर्सच्या नांवावरील डाग पुसावयास मात्र सहासष्ट वर्षें लागलीं, आणि तो पुसलेला पाहण्यास तो स्वतः उरला नव्हता.