सूर कुणाचा, नाव कुणाचं?



आजच्या गप्पांची सुरुवात आमच्या एका चुकीनं करतो. मागे आम्ही रेडिओवर जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम केला होता. अर्धा तास छान रंगला. शेवटी निवेदन कुणी केलं, ध्वनिमुद्रण कुणी केलं, जागा कुणी दिली, सगळी नावं वाचली. ज्या आजींनी दोन महिने बसून आम्हाला ओव्या आठवून दिल्या आणि चाली बसवून घेतल्या, त्यांचं नाव मात्र राहून गेलं. आम्ही माफी मागायला गेलो, तर आजी म्हणाल्या, "राहू द्या गं, ओव्या ऐकू आल्या ना?" त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचं काम तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, पण नाव क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

वरातीच्या बँडमध्ये एक पितळी वाद्य असतं बघा. तोंडाला लावून फुंकायचं, वरच्या तीन खुंट्या बोटांनी दाबायच्या. तोच ट्रम्पेट. आपला माणूस ट्रम्पेटवाला होता. गोव्यात बार्देस तालुक्यात हळदोणे नावाचं गाव आहे, तिथं 1916 साली त्याचा जन्म झाला. नाव आंतोनियो शाव्हिएर वाझ. आई लाडानं 'चिको' म्हणायची, म्हणजे छोटू. पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे इज्जतीनं कमवावे, असं त्या माऊलीला वाटायचं. कुठल्या आईला वाटणार नाही? पोराला मात्र वाजवायचं होतं. पुढे आईच्या 'चिको'चं 'चिक' झालं, आणि मुंबईत तो 'चिक चॉकलेट' या नावानं गाजला.

गोव्याचीच पोरं या वाद्यांत इतकी तरबेज का? तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चमध्ये प्रार्थनेला गाणारी, व्हायोलिन वाजवणारी माणसं लागायची. म्हणून गावोगाव चर्चच्या शाळेत मुलांना संगीत शिकवत, आणि नुसतं कानानं नाही, तर लिहायला-वाचायलासुद्धा. पाच ओळींवर काळे ठिपके मांडून सूर लिहितात, त्याला नोटेशन म्हणतात. आपण पोथी वाचतो तसा हा मुलगा सूर वाचायचा. कागद समोर ठेवला की कधी न ऐकलेलं गाणंही वाजवून दाखवायचा. पण गोव्यात पोट भरेल एवढं काम नव्हतं. मग हीच विद्या गाठीला बांधून कितीतरी पोरं मुंबईला आली. धोबी तलावाच्या आसपास गावागावांचे 'कुड' होते, म्हणजे गावकीनं चालवलेली राहायची जागा. ट्रंक ठेवायला कोपरा आणि झोपायला चटई, एवढ्यावर त्यांचे दिवस निघायचे.

त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ नावाचं संगीत वाजायचं. जॅझ जन्माला घातलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी. त्यांच्या आज्या-पणज्यांनी गुलामी भोगली होती. शेतात राबताना आणि देवळात म्हटलेल्या त्यांच्या गाण्यांतून ते उगवलं. आपल्या जात्याच्या ओवीचंच दूरचं नातं म्हणा ना. 1935 च्या सुमारास असे काळे अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला येऊ लागले. लिऑन अ‍ॅबी यांचा बँड आला, मग क्रिकेट स्मिथ नावाचे ट्रम्पेटवादक आले. स्वतःच्या देशात या लोकांना गोऱ्यांच्या शेजारी बसू देत नव्हते, इथं मात्र ते उस्ताद होते. गोव्याची पोरं त्यांचं वाजवणं कान देऊन ऐकायची. जे कागदावर लिहिता येत नाही, ते त्यांनी या उस्तादांकडून उचललं.

चिकचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग, जगातला सगळ्यात नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवादक. त्याच्यासारखंच वाजवायचं, त्याच्यासारखंच घोगऱ्या आवाजात गायचं. लोक चिकला 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. त्यानं स्वतःचा बँड काढला, ताजमध्ये वाजवलं, रेकॉर्डी निघाल्या.

मग काळ पालटला. 1947 ला देश स्वतंत्र झाला, इंग्रज गेले. संस्थानं विलीन झाली, राजेरजवाड्यांच्या मेजवान्या संपल्या. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. आपण बायका गावात बाटली आडवी करायला मतदान मागतो, तेव्हा दारूबंदीला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. हॉटेलातल्या रात्रीच्या नाचगाण्यांना त्यानं ओहोटी लागली आणि वाजवणाऱ्यांची रोजी आटली.

त्याच सुमाराला मुंबईत सिनेमाचा धंदा वाढत होता. गाण्यांमागचा वाद्यमेळा मोठा होत होता. दोन-चार वाद्यांच्या जागी डझनावारी वादक बसू लागले. एवढ्या वाद्यांना एका सुरात बांधणार कोण? ते काम ज्यांना येत होतं ती ही गोव्याची मंडळी. चिक चॉकलेट हॉटेलच्या नाचघरातून स्टुडिओत आला आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचा सहायक झाला.

सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. एक मराठी गडी आणि एक गोव्याचा ट्रम्पेटवाला, दोघांनी मिळून जे केलं ते आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. 1951 चा 'अलबेला' आठवतो? भगवानदादा आणि गीता बाली! भगवानदादांचा तो कंबर न हलवता हलवल्यासारखा नाच आपल्या आजोबांनीही केला असेल. त्या गाण्यांमागे बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट वाजतात. त्या सिनेमाच्या एका गाण्यात झालरीचे कपडे घालून चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. पुन्हा लागला तर नीट बघा.

आता सहायक म्हणजे नेमकं काय करायचा, ते समजून घेऊ. सगळी गोम तिथंच आहे.

संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा. ती चाल त्याचीच, त्यात वाद नाही. सहायक ती कागदावर उतरवायचा. मग विचार करायचा, गायिका श्वास घेते तिथं मधली जागा कोण भरणार? वीस व्हायोलिनं एकदम काय वाजवतील? ट्रम्पेट कुठं घुसेल, बासरी कुठं एकटी राहील? आपल्या संगीतात एका वेळी एकच सूर चालतो. पाश्चात्त्य संगीतात चार-पाच वेगवेगळे सूर एकाच वेळी वाजून त्यांचा गोफ विणला जातो. हा गोफ विणायचा सहायकानं. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद, तोही हातानं लिहिलेला.

आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून हातांच्या खुणांनी तो मेळा चालवायचा. याला कंडक्टर म्हणतात. एसटीतल्या कंडक्टरशी गल्लत नको, पण काम तसंच आहे. घंटी त्यानं दिल्याशिवाय गाडी हलत नाही. तेव्हा आजच्यासारखी तुकड्यातुकड्यानं गाणी जोडायची सोय नव्हती. गायक आणि वादक सगळे एकाच वेळी. एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मैत्रिणींनो, लग्नाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. पंगतीत नाव घेतात यजमानाचं. पण चुलीजवळ एक बाई उभी असते. कुणी कांदा चिरायचा, वरण कधी उतरवायचं, भात कधी टाकायचा, कुठल्या पंगतीला किती, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. ती बसली तर पंगत बसते. तसा हा माणूस.

आणि नावाचं काय? सिनेमाच्या पाट्या सुरू झाल्या की संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात. सहायकाचं आलंच तर घोळक्यात, बारीक अक्षरात. रेकॉर्डवर तर तेही नाही. बाकीच्या वादकांचं नाव कुठंच नसायचं. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळायचे आणि हिशेब मिटायचा. गाणं पुढं पन्नास वर्षं वाजलं, तरी त्याच्या घरी त्यातलं काही यायचं नाही. चिकला स्वतःच्या नावावर संगीत द्यायची संधीही मिळाली. 1951 च्या 'नादान'चं संगीत त्याचं. पण त्याची कारकीर्द मुख्यतः दुसऱ्यांची गाणी सजवण्यातच गेली. मदन मोहन यांच्याकडेही त्यानं काम केलं. 1967 साली, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली असताना तो गेला.

तो एकटा नव्हता. फ्रँक फर्नांड हाही गोव्याचा जॅझ ट्रम्पेटवाला. त्यानंही मोठमोठ्या संगीतकारांसाठी वाद्यमेळ बांधले. पण आपल्या भाषेचं, आपल्या नावाचं काहीतरी असावं ही ओढ त्याला होती. 1963 साली त्यानं 'आमचें नशीब' हा कोकणी सिनेमा काढला आणि 1966 ला 'निर्मोण'.

आणि अँथनी गोन्साल्विस! हे नाव मात्र तुम्हाला पाठ आहे. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन हे नाव सांगतो, तेव्हा आपण सगळ्या हसतो. पण अँथनी गोन्साल्विस हा खरा माणूस होता. माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक, वाद्यमेळ बांधणारे. 1958 साली मुंबईत त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणून जाहीर कार्यक्रम केला होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घातलं, म्हणून ते उरलं. विचार करा, इतक्या गुणी माणसांमधून एकाचं नाव घरोघरी पोचलं, तेही एका शिष्यानं आठवण ठेवली म्हणून.

आता कुणी म्हणेल, मग काय सी. रामचंद्रांचं श्रेय काढून घ्यायचं? मुळीच नाही. चाल सुचणं ही मोठी गोष्ट आहे. पण एकाला दिल्यानं दुसऱ्याचं कमी होतं, हे आम्हाला पटत नाही. पोळी वाटली तर अर्धी होते. नाव वाटलं तर कुणाचंच अर्धं होत नाही.

उलट नाव न लिहिल्यानं काय होतं ते बघा. काम केल्याचा पुरावा राहत नाही. पुरावा नसला की हक्क सांगता येत नाही. आणि पुढच्या पिढीतल्या एखाद्या पोरीला कळतच नाही, की आपल्यातल्या कुणीतरी हे आधी केलेलं आहे. शेतात जन्मभर राबलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, तेव्हा काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट ठरवली आहे. आमच्या वहीत आता प्रत्येक कार्यक्रमाचं एक पान असतं. चाल कुणी सांगितली, शब्द कुणी आठवले, चहा कुणी केला, मुलं कुणी सांभाळली, सगळं नावानिशी लिहितो. 'सर्व महिलांच्या सहकार्याने' हे वाक्य आम्ही वहीतून हद्दपार केलंय. आणि ओव्यांचा तो कार्यक्रम पुन्हा लावला, तेव्हा सगळ्यात आधी आजींचं नाव घेतलं. ऐकताना आजी काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "परत एकदा लावा."

तुमच्या गटाच्या वहीत कुणाचं नाव राहून गेलंय? आज घरी गेल्यावर बघा. आणि रात्री रेडिओवर जुनं गाणं लागलं, दोन कडव्यांच्या मधे ट्रम्पेट वाजला, की हळदोण्याच्या त्या चिकोची आठवण काढा.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.