घुमटातले आकाश शाळेत कसे आले?

१/ भर दुपारी शाळेत रात्र आणता येते का? फुगवता येणारा घुमट घेऊन फिरते तारांगण शाळेच्या आवारात येते, तेव्हा हे सारे अगदी नवे वाटते. प्रत्यक्षात त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ १९१३, शिकागो. १५ फूट व्यासाचा धातूचा पोकळ गोल आणि त्याला ६९२ छिद्रे. प्रेक्षक आत बसत, गोल त्यांच्याभोवती फिरे आणि छिद्रांतून येणारा उजेड ताऱ्यांसारखा भासे. हा ‘ॲटवूड गोल’. मात्र गोल जितका मोठा, तितका तो फिरवणे कठीण.

३/ जर्मनीतील झाइस कंपनीचे अभियंते वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी हा विचारच उलटा केला: घुमट स्थिर ठेवायचा, प्रकाश फिरवायचा. २१ ऑक्टोबर १९२३ रोजी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये त्यांच्या प्रक्षेपकाने घुमटावर सुमारे ४,५०० तारे उमटवले.

४/ परंतु असे यंत्र शाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. १९४७ मध्ये अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी सोपा मार्ग काढला: बारा पंचकोनी पृष्ठांची छिद्रे पाडलेली पेटी, आत एक दिवा. किंमत ५०० डॉलर. पुढे १९५७ मध्ये स्पुटनिक झेपावला, विज्ञानशिक्षणासाठी सरकारी निधी आला आणि अनेक अमेरिकी शाळांत तारांगणे उभी राहिली.

५/ पुणे मात्र स्पुटनिकसाठी थांबले नव्हते! न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले. त्याला ‘आशियातील पहिले’ म्हटले जाते. पण ओसाकात १९३७ मध्येच तारांगण होते. पुण्याचे खरे वेगळेपण असे, की हे आकाश शाळेच्या आवारात होते.

६/ यात एक गंमत आहे. घुमटात पाहणारा मध्यभागी असतो आणि आकाश त्याच्याभोवती फिरते. म्हणजे कोपर्निकसने मोडून काढलेलेच चित्र! पण म्हणूनच ते मोलाचे आहे. मंगळ काही काळ उलटा सरकताना दिसला, की ‘असे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःला पडतो. पुस्तक उत्तर आधी देते; घुमट आधी पुरावा दाखवतो.

७/ १९८३ मध्ये ‘डिजिस्टार’ आले आणि संगणकाच्या साहाय्याने घुमट पृथ्वी सोडून ताऱ्यांमध्येही नेऊ लागला. आज तेथे पूर्ण चित्रपट चालतात. धोका इथेच आहे: जुन्या यंत्राशेजारी शिक्षक उभा असे, आकाश थांबवून प्रश्न विचारत असे. चित्रपट कोणासाठी थांबत नाही. शाळेत घुमट आणताना त्या शिक्षकाची जागा राखायला हवी.