पैनगंगेचा नाका, कराचीचे विमान

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. या प्रवासात सरहद्दीवरची जकात नव्हती की पासपोर्ट नव्हता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे विमान एकाच प्रांतात उडाले. त्याच काळात उमरखेडहून माल भरून निघालेली बैलगाडी पैनगंगा ओलांडून हदगावकडे गेली, की तिला मात्र नाक्यावर थांबावे लागे. असे का?

यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात येतो. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे गेला. १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या बोलीवर त्याचा कायमचा पट्टा झाला. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचेच राहिले, पण जकातीच्या दृष्टीने ते परके ठरले. पैनगंगेच्या दक्षिणेस हैदराबाद संस्थानचे करोडगिरी खाते होते. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात. १८०२च्या व्यापारी तहात शेकडा पाच हा दर ठरला होता. त्या हिशेबाने शंभर रुपयांच्या कापडावर पाच रुपये पडत. शिवाय पलीकडे नाणेही वेगळे होते: साधारण सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये. आज विमानतळावर परकीय चलन बदलून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. नाक्यावर तपासणी व्हायची ती मालाची. लेकीला भेटायला पलीकडे जाणाऱ्या माणसाला पासपोर्ट लागत नसे. आजच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवाशाला दोन तपासण्या लागोपाठ होतात, म्हणून त्या एकच वाटतात. प्रत्यक्षात इमिग्रेशनचा अधिकारी माणूस तपासतो; ते काम गृहखात्याचे. कस्टम्सचा अधिकारी सामान तपासतो. ते काम अर्थखात्याचे.

दोन्ही कल्पना जुन्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात माल तपासणारा शुल्काध्यक्ष आहे, तसा प्रवासाचा परवाना देणारा मुद्राध्यक्षही आहे. पण सरसकट प्रत्येक प्रवाशाकडे पासपोर्ट मागण्याची रीत पहिल्या महायुद्धात जगभर रुजली. आपल्याकडे त्यासाठी १९२० साली कायदा झाला. पुढे विमानप्रवास वाढला, तेव्हा १९४४च्या शिकागो करारात या दोन्ही तपासण्यांना आणि त्यांच्या जोडीला साथीच्या रोगांसाठीच्या तपासणीला जागा मिळाली.

१५ ऑगस्ट १९४७ला वऱ्हाड स्वतंत्र भारतात होते. निजामाने मात्र भारतात सामील होण्याचे नाकारले. पैनगंगा आता खरोखरीची सरहद्द झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरखेडला तळ टाकला. संस्थानच्या सीमेवर करोडगिरीचे नाके त्यांच्या हल्ल्यांचे लक्ष्य झाले. जुलमी राजवटीची खूण शेतकऱ्याला रोज दिसत होती, ती त्या नाक्यावरच. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली.

तरीही जकात लगेच संपली नाही. संस्थानच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार होता. म्हणून घटनेच्या ३०६व्या कलमाने अशा राज्यांना व्यापारावरची बंधने काही काळ चालू ठेवायची मुभा दिली. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलम गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नांदेड आणि यवतमाळ हे दोन्ही जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले.

दरम्यान कराचीचे उलटे झाले. १९४७ साली ते परदेशात गेले. १९४८मध्ये परवाने आले, १९५२मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले. एकाच प्रांतातला हवाई मार्ग आंतरराष्ट्रीय झाला आणि नाक्याची नदी घरची झाली. नदी बदलली नाही, आकाशही बदलले नाही. बदलले ते कायदे.

भूगोलाच्या तासाला १९३१चा आणि आजचा नकाशा शेजारी लावावा. पैनगंगेवर बोट ठेवून विद्यार्थ्यांना विचारावे: येथे सरहद्द कोणी आखली आणि कोणी पुसली? नदीकाठच्या गावांतली मुले घरच्या वृद्धांना करोडगिरीबद्दल विचारू शकतील. ज्यांनी तो नाका पाहिला, अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत.