रंगीत प्रकाशयोजना, व्यक्तिछायाचित्रणातील

व्यक्तीचा चेहरा, केसांची कड किंवा पार्श्वभूमी यांवर रंगीत पारदर्शक पटलातून गाळलेला प्रकाश टाकून छायाचित्र घेण्याची पद्धती. ही पटले प्रथम रंगमंचासाठी जिलेटिनाची बनवीत. मराठी रंगभूमीवर त्यांस आजही ‘जिलेटीन कागद’ म्हणतात. दिव्याच्या उष्णतेने व दमटपणाने जिलेटीन खराब होत असल्याने पुढे ॲसिटेट व पॉलिएस्टर यांची पटले प्रचारात आली.

आरंभीच्या कृष्णधवल छायाचित्रणात अशा प्रकाशाला फारसे स्थान नव्हते. तत्कालीन पायस मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने तांबड्या प्रकाशातील चेहरा काळवंडलेला येई. १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी रंजकद्रव्यांच्या साहाय्याने पायसाची संवेदनशीलता हिरव्या रंगापर्यंत वाढविली. तांबड्या रंगाची नोंद घेणारी पूर्णवर्णी पायसे त्यानंतर आली. तरीही चित्र कृष्णधवलच राहिल्याने रंग कुंचल्याने भरावा लागे. परभणी जिल्हा ज्यात समाविष्ट होता, त्या हैदराबाद संस्थानचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळी भारतात हाताने रंगविलेल्या छायाचित्रांना मोठी मागणी होती. दिवंगत आप्तांची अशी चित्रे घरोघरी भिंतीवर लावीत.

प्रकाशाच्याच रंगाने मुखभाव व्यक्त करण्याची दृष्टी चित्रकलेत आधीच होती. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रात दिव्याची ज्योत बोटांआडून उजळते व तिची पिवळसर आभा स्त्रीच्या मुखावर पसरते. छायाचित्रणात हे साध्य होण्यास रंगीत पायसाची आवश्यकता होती. ल्यूम्येअर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७ मध्ये आणि कोडॅक्रोम फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली. व्ही. शांताराम यांच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटाचा रंगीत प्रयोग असफल ठरला. मात्र ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) व ‘नवरंग’ (१९५९) यांत त्यांनी रंगाचा मनमुराद वापर केला.

या पद्धतीत सामान्यतः मुखावरील प्रमुख प्रकाश पांढरा ठेवून कडेस वा पार्श्वभूमीवर रंग देतात. तांबडा व हिरवा प्रकाश एकत्र आल्यास पिवळा दिसतो. रंगद्रव्यांचे मिश्रण याहून भिन्न असते. गडद निळे पटल बराचसा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे प्रकाशनकाल वाढवावा लागतो. त्वचेतील कृष्णरंजक (मेलॅनीन) निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून सावळा चेहरा निळ्या प्रकाशात आणखी गडद उमटतो. विसाव्या शतकात रंगीत मुद्रणाचे प्रमाण ठरविण्यासाठी गौरवर्णी स्त्रीचे चित्र असलेली पत्रके वापरीत. परिणामी सावळ्या त्वचेच्या छटा पुष्कळदा यथार्थ येत नसत. अंकीय छायाचित्रणात छटा चित्रीकरणानंतरही सुधारता येतात. तथापि प्रखर एकरंगी प्रकाशात नोंदलेच न गेलेले तपशील पुन्हा मिळत नाहीत. यामुळे ओळखपत्रासाठी पांढरा प्रकाशच वापरतात. रंगीत प्रकाश हे प्राधान्याने भावदर्शनाचे साधन ठरते.