मुलींचीं पुरुषी नांवें

इ. स. १९३५ च्या मे महिन्यांत लंडनच्या ॲम्बॅसेडर्स नाट्यगृहांत 'द मास्क ऑफ व्हर्च्यू' हें नाटक लागलें आणि त्यांत काम करणाऱ्या एकवीस वर्षांच्या एका नटीचें नांव शहरांत सर्वतोमुखीं झालें. तिचा जन्म १९१३ सालचा, दार्जिलिंगचा. आई-बापांनीं ठेवलेलें नांव व्हिव्हियन मेरी हार्टले. परंतु रंगभूमीवरील कीर्तीच्या उंबरठ्यावर त्या नांवांतील उपांत्य अक्षर बदललें. 'ए' जाऊन तेथें 'ई' आला. उच्चारांत भेद पडला तो नाममात्र. डोळ्यांना मात्र तो मोठा होता. 'ए' घालून लिहिलेला व्हिव्हियन इंग्रजी वाचकाला पुरुष वाटण्याचा संभव होता. 'ई' घातला कीं ती निःसंशय स्त्री. हीच पुढें जगप्रसिद्ध झालेली व्हिव्हियन ली.

पुरुषाचें नांव मुलीला द्यावयाचें आणि देतांना त्यांतील एखादें अक्षर फिरवावयाचें, ही रीत इंग्रजी बोलणाऱ्या देशांत आतां इतकी फैलावली आहे कीं, तिला नव्या पिढीचें खूळ समजण्याकडे वडीलधाऱ्यांचा कल असतो. वस्तुतः तिचीं मुळें कित्येक शतकें मागें गेलेलीं आहेत. आणि त्या एका अक्षरांत समाजानें स्त्रीला काय दिलें व काय राखून ठेवलें, याचा हिशेबहि दडलेला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडांत संतांचीं नांवें मुलाला व मुलीला सारखींच ठेवीत. घरांत मुलीला 'फिलिप' म्हणून हांक मारीत; परंतु धर्मोपदेशक नोंदवहींत लॅटिन भाषेंत लिहिणारा, आणि लॅटिन व्याकरणाला लिंगावांचून चालत नसे. म्हणून तो कागदावर 'फिलिपा' लिही. तिसऱ्या एडवर्डची राणी इतिहासाला फिलिपा म्हणूनच ठाऊक आहे. म्हणजे मुलीच्या नांवाला निराळें लेखन प्रथम चिकटविलें तें आईबापांनीं नव्हे, तर लेखनिकाच्या व्याकरणानें.

लॅटिनचें प्रस्थ ओसरल्यावर निराळीच अडचण उभी राहिली. मराठींत 'अरुण'ची 'अरुणा' होते, 'माधव'ची 'माधवी' होते. पोर्तुगीज वळणाच्या गोव्यांत 'फ्रान्सिस्कु'ची 'फ्रान्सिस्का' होते. इंग्रजीनें मात्र नामांचीं लिंगदर्शक रूपें केव्हांच टाकून दिलीं होतीं. तेव्हां भेद दाखवावयाचा कसा? 'फ्रान्सिस' या नांवाचा इतिहास येथें बोधप्रद आहे. सोळाव्या शतकांत तें स्त्री-पुरुषांना सारखेंच चाले, आणि त्या काळीं शुद्धलेखनाचाच ठिकाणा नसल्यामुळें तें कसेंहि लिहिलें जाई. पुढें मुद्रणकलेनें लेखन स्थिर होऊं लागलें, तेव्हां एक मूक वांटणी झाली: उपांत्य अक्षर 'आय' असेल तर पुरुष, 'ई' असेल तर स्त्री. कानाला दोन्ही एकच! उच्चाराला सोडून केवळ लेखनांत राहणारा हा लिंगभेद इंग्रजी भाषेची खास निर्मिति म्हटली पाहिजे.

दुसरा मार्ग आडनांवांचा होता. प्रतिष्ठित घराण्यांचीं आडनांवें मुलांना पाळण्यांतील नांवें म्हणून ठेवण्याची चाल इंग्लंडांत सोळाव्या शतकांत पसरली. विल्यम कॅमडेन या इतिहासकारानें १६०५ सालच्या आपल्या ग्रंथांत तिची दखल घेतली आहे. या चालीचा लाभ क्वचित् मुलींनाहि झाला. एलिझाबेथ राणीच्या दरबारांत लेडी डग्लस शेफील्ड नांवाची एक सरदारकन्या होती. यामागें एक व्यावहारिक कारणहि संभवतें. इंग्रजी रीतीप्रमाणें विवाहानंतर स्त्रीचें माहेरचें आडनांव पुसलें जाई. तें पुढच्या पिढीला चिकटवून ठेवावयाचें, तर मुलाचें वा मुलीचें पहिलें नांव हाच आश्रय होता. १७६१ सालीं फ्रान्सिस शेरिडन या लेखिकेची 'मिस सिडनी बिडल्फ'च्या आठवणींची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका सिडनी. पुढें १८०६ सालीं 'द वाइल्ड आयरिश गर्ल' लिहून गाजलेल्या लेखिकेचें नांवहि सिडनी ओवेन्सन हेंच होतें. ती आपलें नांव 'वाय' घालून लिही. परंतु त्याच काळचा विनोदी धर्मोपदेशक सिडनी स्मिथ हाहि 'वाय'च घाली. वांटणी अद्याप पक्की झाली नव्हती.

या इतिहासाला कलाटणी देणारें पुस्तक १८४९ सालीं निघालें. शार्लट ब्राँटीची 'शर्ली' ही ती कादंबरी. नायिकेच्या आईबापांना पुत्राची आस होती. लग्नाला आठ वर्षें झालीं तरी दैवानें दिली ती एकच कन्या. तेव्हां मुलगा झाला असता तर जें घराण्याचें नांव त्याला ठेवलें असतें, तेंच त्यांनीं मुलीला ठेवलें. शर्ली कील्डार मोठी जमीनदारीण आहे. ती स्वतःला थट्टेनें 'कॅप्टन' म्हणवून घेते, आणि पुरुषाचें नांव व पुरुषाचा अधिकार हातीं आल्यावर थोडें पौरुषहि अंगीं येतें, असें सुचविते. विशेष हें कीं, या कादंबरीवर लेखिकेचें खरें नांव नव्हतेंच. तीन ब्राँटी भगिनींनीं १८४६ पासून करर, एलिस व ॲक्टन बेल हीं मुद्दाम संदिग्ध ठेवलेलीं टोपणनांवें घेतलीं होतीं; कारण लेखिकांकडे पूर्वग्रहाच्या दृष्टीनें पाहिलें जातें, हें त्या ओळखून होत्या.

पुरुषाच्या नांवाची स्त्रीला कां गरज पडते, हें यावरून स्पष्ट होतें. परंतु कादंबरीचा परिणाम झाला तो अनपेक्षित. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचा संपादक शर्ली ब्रूक्स हा पुरुष होता. पण 'शर्ली'च्या प्रसिद्धीनंतर तें नांव हळूहळू मुलींकडे गेलें. १९३४ सालीं 'ब्राइट आइज'मध्यें चमकलेल्या शर्ली टेंपल या बालनटीनें तर त्यावर शिक्कामोर्तबच केलें. १९३५ सालीं अमेरिकेंतील मुलींच्या नांवांत 'शर्ली' दुसऱ्या क्रमांकावर होतें. पौरुषाचा स्पर्श व्हावा म्हणून कादंबरींतील मुलीला दिलेलें नांव शंभर वर्षांच्या आंत पुरुषांना वर्ज्य होऊन बसलें!

'लेस्ली'ची कथा अशीच. हें स्कॉटिश घराण्याचें नांव. कवि रॉबर्ट बर्न्स यानें १७९२ सालीं लेस्ली बेली या तरुणीच्या सौंदर्यावर गीत रचलें, आणि कालांतरानें ब्रिटनमध्यें वांटणी ठरली: अखेरीस 'आय-ई' तो पुरुष, 'ई-वाय' ती स्त्री. १९३९ सालचा 'गॉन विथ द विंड' हा चित्रपट आज पाहणाऱ्याला एक गंमत आढळेल. त्यांत ॲशली नांवाच्या पुरुषाची भूमिका लेस्ली नांवाच्या पुरुषानें, म्हणजे लेस्ली हॉवर्डनें, केली आहे. पटकथाकार म्हणून नांव आहे तें सिडनी हॉवर्डचें. आणि नायिका आहे ती एक अक्षर बदललेली व्हिव्हियन. हीं चारहि नांवें तेव्हां पुरुषांचीं म्हणून ओळखलीं जात होतीं. पन्नास वर्षें उलटलीं आणि १९९१ व १९९२ या दोन्ही वर्षीं 'ॲशली' हें अमेरिकेंतील मुलींचें सर्वांत लोकप्रिय नांव ठरलें. ब्रिटनमध्यें मुलांनीं तें सोडलें नाहीं. तेथें पुष्कळ आईबापांनीं मुलींसाठीं त्याचें शेपूट लांबविलें. २०२१ सालीं विंबल्डन जिंकणारी ॲशली बार्टी आपलें नांव याच लांब लेखनानें लिहिते.

या प्रवासांत एक गोष्ट लक्षांत भरते. वाट एकाच दिशेची आहे. मुलांचीं नांवें मुलींकडे जातात. मुलींचीं नांवें मुलांकडे बहुधा येत नाहींत. हार्वर्ड विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन व त्याचे सहकारी यांनीं इलिनॉय राज्यांतील १९१६ ते १९८९ या काळच्या जन्मनोंदी तपासून २००० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. दोघांनाहि चालणारें नांव फार काळ तसें टिकत नाहीं, असें त्यांत दिसून आलें. मुलींचा शिरकाव झाला कीं मुलांचे आईबाप तेथून काढता पाय घेतात. हें वर्तन त्या अभ्यासकांना वस्त्यांच्या विभागणीसारखें वाटलें: नको असलेला शेजारी आला कीं जुने रहिवासी बिऱ्हाड हलवितात, तसेंच. मुलीला पुरुषाचें नांव देणें म्हणजे तिला एक पायरी वर चढविणें, आणि मुलाला स्त्रीचें नांव देणें म्हणजे त्याला खालीं उतरविणें, ही समजूत या एकमार्गी रहदारीच्या मुळाशीं आहे. नांवें बदललीं, पायऱ्या राहिल्या.

मग अक्षर कां बदलावयाचें? एक कारण निव्वळ सोयीचें आहे. कादंबरीकार एव्हलिन वॉ याचा १९२८ सालीं एव्हलिन गार्डनरशीं विवाह झाला, तेव्हां मित्रांना 'तो एव्हलिन' व 'ती एव्हलिन' असें म्हणावें लागे. लेखनाचा भेद नसला कीं असा घोटाळा व्हावयाचाच. दुसरें कारण अधिक खोल आहे. आईबापांना मुलीसाठीं पुरुषी नांवाचा भारदस्तपणा हवा असतो. पण ती मुलगी आहे हें जगानें विसरूं नये, अशीहि इच्छा असते. लुइसा मे आल्कॉटच्या १८६८ सालच्या कादंबरींतील बंडखोर जोसेफीन स्वतःला 'जो' म्हणविते; पण तो 'जो' लिहितांना मुलाच्या 'जो'मधला शेवटचा 'ई' गळालेला असतो. कानाला मिळालेली बरोबरी डोळ्यांनीं परत घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

याचा कळस 'मॅडिसन' या नांवांत पाहावयास मिळतो. त्याच्या अखेरचा 'सन' म्हणजे पुत्र. मूळ अर्थच अमक्याचा मुलगा. १९८४ सालच्या 'स्प्लॅश' चित्रपटांतील मत्स्यकन्येनें न्यूयॉर्कच्या एका रस्त्याच्या पाटीवरून तें नांव उचललें, आणि २००१ सालीं तें अमेरिकेंतील मुलींच्या नांवांत दुसऱ्या क्रमांकावर चढलें. पुढें कांहीं आईबाप त्यांतील 'ओ' काढून 'वाय' घालूं लागले. त्यांचा हेतु बहुधा नावीन्याचाच असेल. पण त्या फेरफारानें घडलें तें हें कीं, कन्येच्या नांवांतून 'पुत्र' नाहींसा झाला.

मराठी वाचकाला हा सारा खटाटोप चमत्कारिक वाटेल. देवनागरी लिपि उच्चाराच्या मागून चालते. तिच्यांत दोन्ही फ्रान्सिस एकसारखेच लिहावे लागतात. शिवाय 'किरण आला' कीं 'किरण आली' हें मराठी क्रियापदच सांगून टाकतें, म्हणून एक नांव भाऊ-बहिणींना बिनधोक चालतें. परंतु याच 'किरण' नांवावरून जर्मनींत वाद उभा राहिला. भारताशीं नातें असलेल्या एका कुटुंबानें तें मुलीला ठेवूं म्हटलें, तर त्यावरून लिंग कळत नाहीं म्हणून सरकारी नोंद नाकारली गेली. प्रकरण तेथील सर्वोच्च घटना-न्यायालयापर्यंत गेलें. आणि नांवावरून लिंग कळलेंच पाहिजे असा नियम कायद्यांत नाहीं, असा निवाडा ५ डिसेंबर २००८ रोजीं झाला.

म्हणून मराठी घरानें समाधान मानण्याचें मात्र कारण नाहीं. शर्लीच्या आईबापांची पुत्राची आस महाराष्ट्रांतहि मुलींच्या नांवांत उतरली, आणि ती अधिक कठोर रूपानें. यॉर्कशरच्या त्या कल्पित जमीनदारानें कन्येला निदान पुत्रासाठीं राखलेलें नांव दिलें. सातारा जिल्ह्यांतील कित्येक घरांनीं मुलीचें नांवच 'नकुशी' ठेवलें. २०११ च्या ऑक्टोबरांत तेथें अशा २८५ मुलींचें जाहीर समारंभानें पुन्हां नामकरण झालें. जन्मापासून जें नांव हजेरीच्या वेळीं प्रत्येक दिवशीं ऐकावें लागे, तें त्या दिवशीं सुटलें.

पुत्राचें नांव कन्येला देणारा बाप आणि कन्येला 'नकुशी' म्हणणारा बाप, दोघांची माया निराळी खरी. पण दोघांच्या मनांतील तराजू एकच. ज्या दिवशीं एखादा बाप मुलाला आपल्या आजीचें नांव अभिमानानें ठेवील आणि कोणी हंसणार नाहीं, त्या दिवशीं तो तराजू समतोल झाला असें म्हणतां येईल. तोंवर ही वांटणी करण्याचें काम त्या एका अक्षराकडेच राहणार.