पानिपतावर न पडलेले पूर्वज

मराठी मध्यमवर्गीय घरात एक वेळ साखर संपलेली असेल, पण पानिपतावर पडलेला पूर्वज कधी संपत नाही. कुणाच्याही दिवाणखान्यात बसा, दुसऱ्या चहाला तो निघतोच. तो नेहमी घोड्यावर असतो, त्याच्या हातात नेहमी तलवार असते आणि तो नेहमी भाऊसाहेबांच्या अगदी शेजारी पडलेला असतो. भाऊसाहेबांशेजारी पडलेल्या या मंडळींची मी एकदा मनातल्या मनात बेरीज केली. (मी बी. कॉम. आहे. बेरीज हा आमचा एकमेव छंद.) त्या हिशेबाने १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांना हात हलवायलासुद्धा जागा उरली नसावी.

आमच्या घराण्याचाही असा एक पूर्वज होता. 'होता' म्हणतो, कारण गेल्या वर्षीच्या कुलसंमेलनात आम्ही तो गमावला.

कुलसंमेलन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी असे समजावे की हे नवरा-नवरी नसलेले लग्न असते. बाकी सगळे तेच. तोच बिल्ला, तोच मठ्ठा, तेच 'ओळखलंत का?' आणि तेच न ओळखता 'वा, म्हणजे काय!' म्हणणे. खजिनदार अर्थातच मी. बँकेतल्या माणसाने दुसऱ्या कुणाला खजिनदार होऊ दिले, तर तो निलंबित आहे असा लोकांचा समज होतो.

स्थळ ठरवले दादाकाकांनी. मुक्काम आणि जेवणखाण वाईच्या एका कार्यालयात, आणि मुख्य कार्यक्रम तिथून जवळच कृष्णेकाठी मेणवलीला. आमचा मूळ पुरुष नाना फडणविसांच्या पदरी होता अशी घरात आख्यायिका; तेव्हा नानांच्या वाड्याला पाय लावून येणे हे कुळाचे कर्तव्य. वाडा सहा चौकांचा, मागे घाटाच्या पायऱ्या आणि नदीवर एका छोट्या देवळासारख्या इमारतीत टांगलेली भली मोठी घंटा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात वाटल्या गेल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ साल आहे. मुलांना मात्र या सगळ्यापेक्षा 'स्वदेस' सिनेमा इथे चित्रित झाला याचे कौतुक जास्त. शाहरुख खान नेमका कुठे बसला होता हे त्यांनी मला तीनदा विचारले. खजिनदाराला सगळे माहीत असते अशी त्यांची समजूत.

घंटेपाशी फोटो झाला आणि दादाकाका भाषणाला उभे राहिले. "आपले मूळ पुरुष पानिपतच्या रणांगणावर..." इथवर आले असतील नसतील, तोच सांगलीच्या शाखेतला एक पोरगा चुळबुळत उठला. हा मोडी शिकलेला. आजोळच्या ट्रंकेत त्याला जुन्या कागदाची नक्कल सापडली होती. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनमार्फत घरोघरच्या इनामांची चौकशी केली, तेव्हा कुणी, कुणाला, कशाबद्दल जमीन दिली, हे वंशावळीसकट सिद्ध करावे लागे. आपण ज्याला कुळाचा अभिमान म्हणतो, तो बऱ्याच घरांत मुळात असा कर्जाच्या अर्जासोबत जोडायच्या कागदासारखा तयार झाला आहे. त्या नकलेत लिहिले होते की मूळ पुरुष भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर हिंदुस्थानात 'हिशेबास' होते; तिकडून माघारी आले; पुढे पुण्यात फडावर कारकुनी करून वृद्ध होऊन वारले.

"कारकून?" दादाकाका म्हणाले, आणि सगळ्या कुळाने माझ्याकडे पाहिले. घराण्यात कारकुनी आहे हे सर्वांना माहीतच होते. पण ती माझ्यापासून सुरू झाली अशी समजूत होती.

"पळून आले म्हणजे," मागून कुणीतरी म्हणाले.

आता इथे मला बोलणे भाग होते. खात्याच्या अब्रूचा प्रश्न होता. मी म्हटले, "मंडळी, ज्यांच्या दारात आपण उभे आहोत, ते नानासुद्धा पानिपताहून परतच आले होते." तेव्हा ते अठरा वर्षांचे, जेमतेम एकोणिसावे संपत आलेले. फौजेबरोबर तीर्थयात्रेसाठी निघालेली हजारो माणसे होती, त्यांत नानांची आई होती, बायको होती. फौज मोडली तेव्हा नाना वेष बदलून, उपाशीतापाशी, पायपीट करीत सुटले. बायको वाचली. आई त्या धामधुमीत गेली. हे सगळे नानांनी स्वतःच्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि मला सगळ्यात नवल वाटते ते त्याचे, की त्यात त्यांनी स्वतःला कुठे शूरवीर म्हणून मिरवलेले नाही. पुढे मराठी राज्याचा कारभारी झालेल्या माणसाला एक तलवार घुसडून द्यायला काय लागत होते? पण हिशेबनीस माणूस. नसलेली रक्कम जमेला धरायची नाही.

महादजी शिंदेही परतच आले. पाय कायमचा अधू झालेला, राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचवलेले. पुढची तीस वर्षे मराठी राज्य मुख्यतः या दोघा 'परत आलेल्यां'नी सावरले. १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत गेले. तेव्हा ते पानिपतावर पडलेल्यांच्या स्मरणाने गेले असतील, हे खरे. पण गेले ते न पडलेले.

आणि कारकून म्हणजे काय हो? नानांच्या वेळी हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून होते. फडावर रोजकीर्द लिहिली जाई, एकबेरीज दफ्तरात खतावण्या घातल्या जात, वर्षाचा तर्जुमा निघे. म्हणजे आमची डे-बुक, लेजर आणि वार्षिक ताळेबंद. फक्त 'सिस्टिम बंद आहे, उद्या या' म्हणायची सोय नव्हती. पानिपतची बातमीसुद्धा पेशव्यांना पोचली ती सावकारी भाषेत, असे सांगतात. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि बाकीची माणसे म्हणजे मोजता न येणारा खुर्दा. आमचा मूळ पुरुष त्याच खुर्द्यातला. घरंगळत घरंगळत घरी आलेला. तो तिथे शौर्याने पडता, तर आज मठ्ठ्याला एवढी गिऱ्हाइके कुठून आली असती?

एवढे बोलून मी बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. मात्र दादाकाकांनी कार्यालयात परतल्यावर भाषणाच्या कागदावर काहीतरी खोडलेले मी पाहिले. 'धारातीर्थी' हा शब्द असावा. खोडायला वेळ लागला.

दुपारी जेवणानंतर सगळे वंशावळीच्या फ्लेक्सपुढे जमले. दहा फुटी फ्लेक्स. प्रत्येक जण आपले नाव शोधून तिथे बोट ठेवून फोटो काढीत होता. सत्तरीची आमची आत्या मात्र चष्मा लावून बराच वेळ नुसतीच पाहत उभी.

"काय शोधतेस, आत्या?"

"तो मेला परत आला म्हणतोस, तो आला कुणाकडे? घरी वाट बघत कुणी असेलच की. तिचं नाव कुठंय?"

फ्लेक्सवर नव्हते. मोडीवाल्या पोराने कागद काढून पाहिला. त्यात होते ते एवढेच : 'स्त्री एक, पुत्र दोन.'

"आणि मी?" आत्याने विचारले. तिच्या वडिलांच्या नावाखाली तीन मुलगे होते, त्यांच्या पुढे त्यांची मुले, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कन्या २'. "अरे, तुझ्या बापाला मी कडेवर घेऊन वाढवलाय. मी 'कन्या दोन' होय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिने माझ्या खिशातले पेन ओढून घेतले. फ्लेक्सवर बॉलपेन उमटत नाही. मग बिल्ले लिहायचा काळा मार्कर कुणीतरी आणून दिला, आणि आत्याने चष्मा सारखा करून आधी आपल्या धाकट्या बहिणीचे नाव लिहिले (ती मागेच गेली), मग स्वतःचे. माहेरचे, पूर्ण. मागे बायकांची रांग लागली. दादाकाका "अहो, फ्लेक्स पुढच्या वर्षी वापरायचा आहे," असे दोनदा म्हणाले आणि मग गप्प बसले, कारण रांगेत काकूही होत्या.

रात्री मी जमाखर्च लिहायला बसलो. मार्कर पुरला नव्हता, आणखी दोन आणावे लागले होते.

"हे कुठल्या खात्यात टाकलंस?" दादाकाकांनी विचारले.

"दुरुस्ती," मी म्हटले.