परक्याला मराठी बोलायला कोण शिकवतं?

आजचा विषय वरवर व्याकरणाचा वाटेल, पण आपण तो इतिहासाच्या अंगानं पाहणार आहोत. ज्याला मराठीचा गंधही नाही, अशा माणसाला मराठी बोलायला आजवर कोणी शिकवलं, आणि कसं? परभणीत बसून हा प्रश्न विचारायला कारण आहे. इथलं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. तिथे इतर राज्यांतूनही मुलं शिकायला येतात. बँकेत, रेल्वेत बदलीवर माणसं येतात. वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यातले पुष्कळजण ‘थोडा थोडा समझता है’ एवढ्यावरच परत जातात. असं का होतं, ते कळायला जरा मागं जावं लागेल.

मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण लीळाचरित्राचं नाव घेतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तो सिद्ध केला. त्यात आठवणी आहेत चक्रधरस्वामींच्या. आणि चक्रधर कुठले? महानुभाव परंपरा सांगते, गुजरातेतल्या भडोचचे. म्हणजे ज्या पुस्तकापासून आपण मराठी गद्य मोजायला लागतो, त्याच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाची जन्मभाषा मराठी नव्हती! ते गोदावरीच्या काठानं फिरले. ती हीच गोदावरी, खाली आपल्या गंगाखेडवरून जाणारी. त्यांच्या भोवती बायाबापड्या होत्या, शेतकरी होते, शास्त्री होते. धर्म सांगायचा तर तो या लोकांच्या बोलीत, हा त्यांचा आग्रह. त्यांना मराठी शिकायला पुस्तक नव्हतं. माणसं होती, आणि ती त्यांच्याशी बोलत होती.

आता तिथून एकदम पाच शतकं पुढे, आणि तेही बंगालात. १८०० साली वेलस्लीनं कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. विलायतेहून येणाऱ्या पोरसवदा अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायच्या, हा हेतू. १८०२ अखेर वसईचा तह झाला, १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध झालं, आणि कंपनीला मराठी येणाऱ्या माणसांची निकड भासली. तिथे मराठी शिकवायला होते विल्यम केरी. महाराष्ट्रात कधी न राहिलेला माणूस! त्यांना साथ होती नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांची. १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून केरींचं मराठी व्याकरण निघालं. मराठी मुद्रणाच्या इतिहासात ते मोलाचं आहेच, पण आम्हाला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. व्याकरणाला त्यांनी नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडले. नुसत्या विभक्त्या पाठ करून कोणी बोलू लागत नाही, त्याला कोणाशी तरी बोलावं लागतं, हे केरींना उमगलं होतं. खरी माणसं हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी कागदावर उभी केली.

पुढे १८१८ ला पेशवाई गेली, १८३१ ला मोल्सवर्थचा कोश आला, आणि मुंबई इलाख्यात मराठी शिकणारा साहेब ही नेहमीची गोष्ट झाली. पण हे साहेबी मराठी वरून खाली बोलायचं मराठी होतं. हुकूम द्यायचा, जबानी घ्यायची. समोरच्याला ऐकावंच लागे, कारण बोलणाऱ्याच्या हाती सत्ता होती.

आपल्या भागात गोष्ट उलटी घडली. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबारात फारसीची जागा उर्दूनं घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उघडलं, त्याचं माध्यमही उर्दू. देशी भाषेतून वैद्यक नि विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच करायला हवं. पण इथल्या मराठी पोराला मात्र वरच्या शिक्षणाची आणि नोकरीची वाट घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेतून काढावी लागली. त्या पिढीनं उर्दू लिहिली, वाचली, कोर्टात चालवली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं, १९६० ला आपण महाराष्ट्रात आलो, आणि मराठी घरांतून उर्दूची लिपी जवळजवळ गेलीच. हुकमानं आलेलं हुकमाबरोबर ओसरलं.

पण गेलं नाही ते काय? इथल्या मुस्लिम मोहल्ल्यातली दखनी ऐका. ‘मैंच बोला’, ‘ऐसाच है’, ‘अब्बीच आया’. हा ‘च’ आपला आहे, मराठीचा. कोणत्या फर्मानानं तो तिकडे गेला नाही. भाजीच्या पाट्यांवरून गेला, शेताच्या बांधावरून गेला, फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो त्या गर्दीतून गेला. आणि तिकडून इकडे शेकडो शब्द आले. आज आपण ‘तहसील’, ‘जमीन’, ‘दुकान’, ‘हिशेब’ म्हणताना ते परके वाटतसुद्धा नाहीत. शाळेत शिकवलेली उर्दू दोन पिढ्यांत विसरली गेली, आणि रस्त्यावर कोणीही न शिकवलेलं टिकून राहिलं. इतिहासानं आपल्यासमोर ठेवलेला हा धडा फार बोलका आहे.

याच धड्यावर जाणीवपूर्वक काम केलं ते मॅक्सीन बर्नसन यांनी. अमेरिकेत जन्मलेल्या या बाई १९६० च्या दशकात भारतात आल्या, फलटणला राहिल्या, तिथल्या बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण आणि कोश तयार केले. ते १९७५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं काढले. फलटणला शाळाही उभी केली. भाषा शिकायची तर ती जिथे जगली जाते तिथे जाऊन राहायचं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं.

आता आपल्याकडे वळू. नवा माणूस चाचरत म्हणतो, ‘मला दोन किलो कांदा पाहिजे’. आपण लगेच उत्तर देतो, ‘पचास रुपया’. आपल्याला वाटतं, आपण त्याची सोय केली. खरं तर त्याचा धडा आपण तिथेच बंद केला. दुसरीकडे काहीजण ‘मराठी बोल’ म्हणून दरडावतात. ही दोन्ही वागणी परस्परविरुद्ध दिसतात, पण फळ एकच. समोरच्याला संभाषण मिळतच नाही. एकीकडे त्याच्या वाट्याला सौजन्य येतं, दुसरीकडे धाक, आणि भाषा यातल्या कशानंच येत नाही.

मग करायचं काय? सावकाश, साध्या मराठीत उत्तर द्यायचं. तो ‘माझा पुस्तक’ म्हणाला तर हसायचं नाही. आपण सहज ‘हो, तुझं पुस्तक’ म्हणायचं, की त्याच्या कानाला लिंग कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचं. एवढंच.

शिकणाऱ्याला मराठीत आणखी एक गोष्ट नवी वाटते. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. तेलुगू मुलाला हे चटकन समजतं, त्याच्या भाषेतही हा भेद आहे. हिंदी भाषकाला तो समजावून सांगावा लागतो. पण समजावून सांगून तो अर्धाच कळतो. कोणीतरी त्याला एकदा ‘चला, आपण चहा घेऊ’ म्हणावं लागतं. मग पुस्तकाची गरज उरत नाही.